आकाशातल्या एका ठिपक्याचा हिशेब: क्ष-किरणी जुळ्या ताऱ्यांचा वर्णपट कसा वाचतात

सप्टेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि दोन दिवसांत विरून गेली. 'क्रिझम' या जपानी अंतराळ दुर्बिणीनं धनू राशीतल्या जीएक्स १३+१ नावाच्या न्यूट्रॉन ताऱ्याजवळून, म्हणजे कोसळून अतिघट्ट झालेल्या ताऱ्याजवळून, वाहणारा वारा मोजला होता. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १० लाख किलोमीटर, आणि शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की वारा अपेक्षेपेक्षा फारच संथ निघाला.

बातमी वाचून ओळखीच्या दोघा-तिघांनी मला विचारलं, १० लाख किलोमीटर म्हणजे संथ कसा? प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे शेवटी येईन. पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणीच विचारला नाही. हा तारा हजारो प्रकाशवर्षं लांब आहे. जगातल्या कुठल्याही दुर्बिणीतून तो ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. मग त्या ठिपक्याच्या आत वारा आहे, तो अमुक दिशेनं अमुक वेगानं वाहतो, हे कळलं कसं? उत्तर एका शब्दाचं आहे: वर्णपट. तो शब्द नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

दानपेटी उघडल्यावर

देवळातली दानपेटी उघडतात तेव्हा सगळी नाणी सतरंजीवर ओततात. मग चारजण बसून एकची, दोनची, पाचची, दहाची अशी वेगळी करतात. शेवटी समोर ढीग दिसतात. कोणत्या किमतीची किती नाणी आली, ते ढिगांच्या उंचीवरून कळतं.

वर्णपट म्हणजे हे ढीग. प्रकाश सुट्या कणांनी येतो, त्यांना फोटॉन म्हणतात, आणि प्रत्येक फोटॉनची स्वतःची ऊर्जा असते, जशी नाण्याची किंमत. क्ष-किरण दुर्बीण फोटॉन एकेक करून पकडते, त्याची ऊर्जा मोजते आणि योग्य ढिगात टाकते. ऊर्जा मोजायचं एकक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. आपण नुसतं 'किलोव्होल्ट' म्हणू. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन एका किलोव्होल्टच्या तीन-चारशेव्या भागाएवढा असतो. आपल्या ताऱ्यांची मिळकत मुख्यतः १ ते १० किलोव्होल्टच्या नाण्यांत येते, थोडी १०० किलोव्होल्टच्याही पुढे जाते.

ही नाणी जमिनीवर पोचत नाहीत. वातावरण ती वाटेतच गिळतं, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. जून १९६२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतून एक छोटं रॉकेट उडालं. चंद्रावरून क्ष-किरण येतात का हे पाहायचं होतं. हाती काही मिनिटांचीच वेळ. चंद्राचं काही कळलं नाही, पण वृश्चिक राशीच्या दिशेनं क्ष-किरणांचा लोट येताना सापडला. तो स्रोत पुढे 'स्कॉर्पियस एक्स-१' या नावानं ओळखला गेला, आणि त्या प्रयोगाचे प्रमुख रिकार्डो जियाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. अनुराधा नक्षत्र ओळखता येत असेल तर त्याच्या किंचित उत्तरेला हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. क्ष-किरणांत मात्र सूर्याखालोखाल सबंध आकाशात सर्वात तेजस्वी असणारा कायमचा स्रोत तोच.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, मंडळींनी हैदराबादहून मोठाले फुगे सोडून त्यांच्याखाली टांगलेल्या उपकरणांनी हाच तारा पाहिला होता. आपल्याकडच्या क्ष-किरण खगोलशास्त्राची बाराखडी त्या फुग्यांवर गिरवली गेली.

जुळ्यांतला एक जिवंत, एक गेलेला

स्कॉर्पियस एक्स-१ ही प्रत्यक्षात जोडी आहे. एक साधा तारा, वस्तुमानानं सूर्याहून हलका. दुसरा एकेकाळचा मोठा तारा, इंधन संपून कोसळलेला. अशा जोड्यांना 'कमी वस्तुमानाचे क्ष-किरणी जुळे तारे' म्हणतात. नावातलं 'कमी' हे त्या साध्या जोडीदाराचं विशेषण आहे, कोसळलेल्याचं नव्हे. इथे वाचणारा हमखास फसतो.

कोसळून उरलेला तारा दोनांपैकी एक असतो. न्यूट्रॉन तारा असेल तर सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान चर्चगेट ते अंधेरी एवढ्या व्यासाच्या गोळ्यात दाबून बसवलेलं. नाहीतर कृष्णविवर, ज्याला पृष्ठभागच नाही, फक्त एक सीमा. ती ओलांडून आत गेलेलं परत येत नाही.

दोघं इतक्या जवळून फिरतात की साध्या ताऱ्याचा वायू दुसऱ्याकडे ओढला जातो. स्कॉर्पियस एक्स-१ ची एक प्रदक्षिणा सुमारे १९ तासांची. फोर-यू १८२०-३० नावाच्या जोडीची तर ६८५ सेकंदांची! चहाचं आधण ठेवून चहा गाळून होतो तेवढ्यात दोन तारे एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. दोघांमधलं अंतर पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या अंतराच्या जेमतेम एक तृतीयांश.

पडणारा वायू एवढा तापतो कशानं?

ओढलेला वायू थेट आत पडत नाही, कारण तो मुळात फिरत असतो. मोरीच्या भोकाशी पाणी गरगरत आत जातं तसा तो सपाट चकती करून फिरत फिरत आत सरकतो. चकतीचा आतला थर वेगानं फिरतो, बाहेरचा सावकाश. थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. हे घासणं साधं नसतं, त्यात चुंबकक्षेत्रांचा हात असतो, पण थंडीत तळवे चोळले की ऊब येते, तो हिशेब इथेही लागू आहे.

या घासण्यातून निघणारी ऊर्जा किती? दोन शेंगदाणे, म्हणजे साधारण एक ग्रॅम वजन, न्यूट्रॉन ताऱ्यावर पडले तर सुमारे ४० लाख युनिट वीज भरेल एवढी ऊर्जा सुटते. महिन्याला १५० युनिट वापरणारी दोन हजारांहून जास्त घरं त्यावर वर्षभर चालतील. हायड्रोजन बॉम्बमध्ये किंवा सूर्याच्या पोटात जे घडतं, त्यात एका ग्रॅममधून याच्या कितीतरी कमी ऊर्जा निघते. विश्वात नुसतं 'पडणं' हे जळण्यापेक्षा मोठं इंधन ठरू शकतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लालबुंद होतं, मग पिवळसर, मग पांढरं. तापमान वाढलं की फोटॉनची सरासरी किंमत वाढते. चकतीचा बाहेरचा काठ काही हजार अंशांचा, म्हणून तो साधा प्रकाश देतो. आतला काठ एक कोटी अंशांचा, आणि एक कोटी अंशांचा 'रंग' म्हणजेच क्ष-किरण. तेव्हा चकतीचा वर्णपट एकाच तापमानाचा नसतो. पांढऱ्यापासून लालपर्यंत सगळ्या छटांची वर्तुळं एकात एक ठेवावीत तशी ती बेरीज असते. या चकतीचं गणित १९७३ मध्ये शाकुरा आणि सुन्याएव या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडलं. आजही कामाची सुरुवात तिथूनच होते.

पण कृष्णविवरातून प्रकाश निघत नाही ना?

नाही निघत. निघतो तो सीमेच्या बाहेरच्या चकतीतून, वायू आत जाण्याआधी. कड्यावरून कोसळणाऱ्या धबधब्याचा आवाज आपण ऐकतो, तो डोहात नाहीसा झालेल्या पाण्याचा नसतो.

ढिगांत मिसळलेलं बाकीचं

चकती एवढीच असती तर हे शास्त्र सोपं झालं असतं. पण ढिगांत आणखी मिळकती मिसळलेल्या असतात.

चकतीच्या आतल्या भागाजवळ अतितप्त, विरळ इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. त्याला प्रभामंडल म्हणू. त्याचं तापमान कधी कधी १०० कोटी अंशांच्या घरात जातं. चकतीतून निघालेला गरीब फोटॉन या ढगात शिरला की त्याचं काय होतं हे गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही कळेल. हळू येणारा चेंडू जोरात फिरणाऱ्या बॅटीवर आदळला की दुप्पट वेगानं परत जातो. इथे चेंडू म्हणजे फोटॉन, बॅट म्हणजे इलेक्ट्रॉन. काही फोटॉनना एकच फटका बसतो, काहींना दहा. त्यामुळे मोठ्या किमतीच्या नाण्यांकडे हळूहळू उतरत जाणारी लांब शेपटी तयार होते. कधी शेपटी जोरावर असते, कधी चकती. एकच तारा काही आठवड्यांत एका रूपातून दुसऱ्या रूपात जातो.

शेपटीतले काही फोटॉन उलटे फिरून चकतीवर पडतात आणि तिथल्या लोहाच्या अणूंना डिवचतात. लोह त्याला ठरलेल्याच किमतीचं नाणं परत करतं: ६.४ किलोव्होल्ट. तिथे वर्णपटात टेकाड दिसतं. प्रयोगशाळेत हे टेकाड सुईसारखं अरुंद असतं, पण चकतीतला वायू प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्याच मोठ्या हिश्शानं फिरतो. आपल्याकडे येणाऱ्या बाजूची नाणी महाग होतात, दूर जाणाऱ्या बाजूची स्वस्त. शिवाय प्रचंड गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना प्रत्येक फोटॉनला थोडी किंमत मोजावी लागते. त्यामुळे टेकाड पसरतं आणि स्वस्त बाजूला घसरतं. ते किती घसरलं यावरून चकतीचा आतला काठ ताऱ्यापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज बांधतात. ठिपक्याच्या आतलं अंतर किलोमीटरांत मोजायचा हा मार्ग.

न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर?

इथे पृष्ठभाग असणं आणि नसणं हा फरक कामी येतो. न्यूट्रॉन ताऱ्यावर वायू शेवटी आदळतो, थांबतो आणि उरलेली ऊर्जा उधळतो. म्हणून त्याच्या वर्णपटात चकतीखेरीज पृष्ठभागाच्या गरम थराचीही मिळकत असते, आणि ती थोडीथोडकी नसते, चकतीच्या बरोबरीची किंवा जास्तच. शिवाय पृष्ठभागावरून येणारे भरपूर स्वस्त फोटॉन प्रभामंडलाला निववतात. बॅट फिरवून फिरवून फलंदाज दमावा तसं. त्यामुळे न्यूट्रॉन ताऱ्यांची शेपटी सहसा कृष्णविवरांच्या शेपटीच्या आधी तुटते.

पृष्ठभागाचा सर्वात ठसठशीत पुरावा मात्र स्फोटांचा. न्यूट्रॉन ताऱ्यावर पडलेला हेलियम साचत जातो, आणि पुरेसा साचला की सबंध थर एकदम भडकतो. काही सेकंदांत तेज कित्येक पट वाढतं, मग ते मिनिटभरात उतरतं आणि वर्णपट निवत जाणाऱ्या गरम गोळ्यासारखा बदलतो. असे स्फोट १९७५ मध्ये त्याच ६८५ सेकंदांच्या जोडीत सापडले. स्फोट दिसला की तिथे कृष्णविवर नाही, कारण साचायला जमीनच नसेल तर थर साचणार कुठे?

उलट सिद्धता मात्र अशी सरळ नाही. स्फोट दिसले नाहीत म्हणून कृष्णविवरच, असं म्हणता येत नाही. तिथे साध्या ताऱ्याचा वेग मोजून अदृश्य जोडीदाराचं वजन काढावं लागतं. व्ही४०४ सिग्नी या जोडीत १९९२ मध्ये ते किमान सहा सूर्यांहून जास्त भरलं. न्यूट्रॉन तारा तीन सूर्यांपुढे तग धरू शकत नाही, म्हणून ते कृष्णविवर. १९९० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ रमेश नारायण आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. वायू जवळजवळ पडत नाही अशा शांत काळात कृष्णविवरांच्या जोड्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्यांपेक्षा फारच मंद असतात. त्यांचं म्हणणं, तप्त वायू आपली ऊर्जा घेऊनच सीमेपलीकडे जातो. काहींच्या मते ती ऊर्जा झोतांच्या रूपानं बाहेर जात असावी. मला पहिलं स्पष्टीकरण जास्त पटतं, पण दुसरं मोडीत काढण्याजोगं नाही.

एक रुपया की दोन रुपये?

आता या शास्त्राची दुखरी बाजू. तिच्याबद्दल बातम्यांत कधीच काही नसतं.

दानपेटीतली नाणी मोजायला बसलेल्या माणसाला एक आणि दोन रुपयांतला फरक पटकन कळत नाही. आपल्यालाही रिक्षातून उतरताना कळत नाही. तो काही दोनची नाणी एकच्या ढिगात टाकतो. शिवाय पेटीत भक्तांनी न टाकलेल्याही वस्तू असतात, बटणं, वॉशर वगैरे. क्ष-किरण उपकरणाचंही तसंच. ते ६ किलोव्होल्टचा फोटॉन कधी ५.९ ला लिहितं, कधी ६.१ ला, कधी पकडतच नाही, आणि अंतराळातले भरकटलेले कण फोटॉन म्हणून मोजतं.

ढिगांवरून उलटं जाऊन मूळ मिळकत काढता येत नाही का? नाही, निदान भरवशानं नाही. म्हणून शास्त्रज्ञ सुलटं जातात. आधी अंदाज करतात: समजा चकती एवढी तापलेली, प्रभामंडल असं. मग मोजणाऱ्याच्या सगळ्या सवयी लक्षात घेऊन, या अंदाजातून कसे ढीग पडले असते ते काढतात आणि खऱ्या ढिगांशी ताडून पाहतात. जुळले नाहीत तर अंदाज बदलायचा. बदलत राहायचं.

गोम अशी की कधी कधी दोन वेगळे अंदाज सारखेच जुळतात.

पूर्वेची कथा, पश्चिमेची कथा

१९८० च्या दशकात तेजस्वी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या वर्णपटाचं नेमकं हेच झालं. जपानी गटानं सांगितलं: कमी ऊर्जेचा भाग उघड्या चकतीचा, जास्त ऊर्जेचा भाग ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळचा, ढगात फटके खाल्लेला. युरोपातल्या गटाची कथा अगदी उलटी: पृष्ठभाग उघडा, आणि फटके खाल्लेला प्रकाश चकतीचा. दोन्ही कथांतून पडणारे ढीग जवळपास एकसारखे. या दोन बाजूंना आजही 'पूर्वेचं प्रारूप' आणि 'पश्चिमेचं प्रारूप' म्हणतात.

'मग हे शास्त्र कसलं, हवं ते जुळवून घ्या!' असं कुणी म्हणेल. मी ते म्हणणं उडवून लावणार नाही. केवळ एका वर्णपटावरून कुणी ठामपणे निष्कर्ष सांगत असेल तर सावध व्हायलाच हवं. पण शास्त्रज्ञ एका पुराव्यावर थांबलेले नाहीत.

एक उपाय, ढिगांचा पट्टा रुंद करणं. फक्त पाच आणि दहाची नाणी पाहून जी शंका राहते, ती एकपासून शंभरपर्यंत सगळं एकदम पाहिल्यावर कमी होते. सप्टेंबर २०१५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट'चं बळ इथेच आहे. त्यावरची मृदू क्ष-किरणांची दुर्बीण ०.३ ते ८ किलोव्होल्ट पाहते, तर मोठ्या क्षेत्रफळाचे प्रमाणानुपाती गणक (फोटॉन मोजणारी उपकरणं) ३ ते ८० किलोव्होल्ट. दोन्ही टीआयएफआरमध्ये घडवलेली. तिसऱ्या उपकरणाच्या कामात आणि आलेल्या नोंदी वाचायला विद्यार्थ्यांना शिकवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा. दुसरा उपाय, वेळ पाहणं. तेज सेकंदाच्या हजाराव्या भागात कसं थरथरतं आणि ती थरथर कोणत्या ढिगात जास्त आहे, यावरून ती चकतीची की पृष्ठभागाची याचा माग लागतो.

तिसरा उपाय अगदी नवा, ध्रुवणाचा. प्रकाशाची लहर कोणत्या दिशेत डोलते, ते म्हणजे ध्रुवण. चकतीवरून आलेला प्रकाश आणि पृष्ठभागाजवळच्या थरातून आलेला प्रकाश वेगवेगळ्या दिशांना डोलतो. डिसेंबर २०२१ मध्ये गेलेल्या 'आयएक्सपीई' या दुर्बिणीनं सिग्नस एक्स-२ या न्यूट्रॉन ताऱ्याचं ध्रुवण मोजलं. दिशा चकतीची नव्हे, पृष्ठभागाजवळच्या थराची निघाली. कौल पूर्वेच्या बाजूला झुकला. सगळ्या ताऱ्यांना तो लागू होईल असं नाही. भारतानं १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेला 'एक्सपोसॅट' जास्त ऊर्जेच्या फोटॉनचं ध्रुवण मोजण्यासाठीच बांधला आहे.

आता तो वारा

मोजणारा माणूसच तीक्ष्ण नजरेचा झाला तर? त्यासाठी जपाननं चार वेळा प्रयत्न केले. फोटॉन पडल्यावर उपकरण किती तापलं हे मोजून ऊर्जा काढायची, अशी कल्पना. एका फोटॉननं येणारी ऊब टिपायला उपकरण निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तेवढ्या नीचतम तापमानाच्या, वर फक्त ०.०५ अंश एवढं थंड ठेवावं लागतं. २००० मध्ये पहिला उपग्रह उड्डाणातच गेला. २००५ च्या 'सुझाकू'मधला थंड ठेवणारा हेलियम काही आठवड्यांत उडून गेला. २०१६ चा 'हितोमी' कक्षेत पोचला, एका दीर्घिकासमूहाचा अप्रतिम वर्णपट त्यानं पाठवला आणि सव्वा महिन्यात तो तुटला. चौथा 'क्रिझम', सप्टेंबर २०२३. त्याच्या उपकरणासमोरची बंद खिडकी उघडली नाही, त्यामुळे कमी किमतीची नाणी त्याला फारशी दिसत नाहीत. पण लोहाच्या पट्ट्यात त्याची नजर नेहमीच्या उपकरणांच्या पंचवीस-तीस पट बारीक आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानं जीएक्स १३+१ पाहिला. चकतीवरून उठलेला वायू आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आला की त्यातलं लोह ठरलेल्या किमतीचे फोटॉन गिळतं, आणि वर्णपटात टेकाडाऐवजी खाच पडते. वायू आपल्याकडे वाहत असेल तर खाच किंचित महाग बाजूला सरकते. ताशी १० लाख किलोमीटरला ही सरक ७ किलोव्होल्टमागे जेमतेम ०.००६ किलोव्होल्ट. सात हजार रुपयांत सहा रुपयांचा फरक! तो 'क्रिझम'ला स्वच्छ दिसला.

'संथ' म्हणण्याचं कारण असं. निरीक्षणाच्या सुमारास हा तारा अचानक तेज झाला होता. प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाला टक्कर देतो त्या मर्यादेपर्यंत, कदाचित तिच्याही पुढे. दीर्घिकांच्या मध्यभागी असलेली महाकाय कृष्णविवरं त्या मर्यादेशी आली की त्यांचे वारे प्रकाशाच्या वेगाच्या २०-३० टक्क्यांनी सुटतात, म्हणजे ताशी २० कोटी किलोमीटरच्या वर. इथे मात्र वारा दाट झाला, इतका की त्यानं तारा झाकून टाकला, पण वेग १० लाखांवरच राहिला. संशोधकांचा तर्क चकतीच्या तापमानाकडे बोट दाखवतो. महाकाय कृष्णविवराची चकती अवाढव्य आणि तुलनेनं थंड, म्हणून तिचा प्रकाश अतिनील. अतिनील प्रकाश अणूंना सहज पकडतो आणि ढकलतो. आपल्या छोट्या, फार तापलेल्या चकतीचे क्ष-किरण वायूतून बरेचसे निसटून जातात, आणि ढकलायचं राहून जातं.

हा तर्क एका ताऱ्याच्या काही खाचांवर उभा आहे. मर्यादेशी आलेले आणखी न्यूट्रॉन तारे 'क्रिझम'समोर आले, आणि त्यांच्याही खाचा इतक्याच थोड्या सरकल्या, तर तो टिकेल.